पोलादाला पडलेला विसर

शाल्मली मोंडकर कामावर असताना स्वप्नं बघते हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. ती कामात चुकत नाही हेही ठाऊक होतं, म्हणून कुणी काही बोलत नसे. दोष द्यायचाच तर त्या काचेला द्यावा. किरणोत्सारी तुकडे हाताळायच्या बंद कोठीची ती खिडकी हातभर जाड, शिसं घातलेली. तिच्यातून पलीकडचं सगळं पिवळसर आणि किंचित सरकलेलं दिसे, उन्हं कलताना दिसतं तसं. भिंतीच्या अलीकडे शाल्मली मुठी वळवायची आणि पलीकडे, जिथे माणसाने पाऊल टाकलं तर जिवाशी गाठ, तिथे दोन यांत्रिक हात तशाच मुठी वळवायचे. दिवसभर आपले हात दुसऱ्याच जगात वावरत असले की मनही हळूच तिकडे सटकतं, त्यात नवल ते काय!

त्या दुसऱ्या जगात ती पोलाद मोडायची. पगार त्याचाच मिळे.

शेवरे बंदराच्या अणुवीज केंद्राच्या पोटात एक प्रचंड पोलादी पात्र होतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण आवारात सगळे त्याला हंडा म्हणत. अणुभट्टी धगधगायची ती या हंड्यात. पंप, नळ, झडपा सगळं बदलता येतं, हंडा बदलता येत नाही. हंडा म्हातारा झाला की केंद्र म्हातारं झालं. आता पोलाद म्हातारं कसं होतं? भट्टीतून सुटलेले न्यूट्रॉन वर्षानुवर्षं त्याच्या भिंतीवर आदळतात. अणू जागचे उडतात, परत बसतात, काही बसतच नाहीत. पोलादात चिमूटभर तांबं असतं. एरवी विखुरलेले ते तांब्याचे अणू या धक्काबुक्कीत भटकत भटकत एकमेकांना गाठतात आणि गुठळ्या करून बसतात. पोलाद वाकतं ते त्याचे आतले थर एकमेकांवरून सरकतात म्हणून. कणकेत खडे आले तर पोळी कशी लाटणार? तसंच. थर अडले की पोलादाला वाकता येत नाही आणि वाकता आलं नाही की ते मोडतं. नवं पोलाद बर्फाच्या थंडीतच काय ते फुटेल, म्हातारं पोलाद कोमट पाण्यातसुद्धा फुटतं. उद्या अपघात झाला आणि तापलेल्या हंड्यात गार पाणी सोडावं लागलं तर तो टिकेल का, हे आधी कळलेलं बरं.

म्हणून केंद्र सुरू झालं तेव्हाच त्याच पोलादाचे बोटाएवढे तुकडे डब्यांत भरून हंड्याच्या आत, आगीच्या जरा जवळ टांगले होते. जवळ असल्यामुळे ते भिंतीपेक्षा भराभर म्हातारे होत. हंडा अजून काही वर्षांनी जसा होणार, तसे ते आजच झालेले असत. अधूनमधून एक डबा बाहेर काढायचा, तुकड्याच्या मधोमध खाच करायची, तो गारव्यात बुडवून ऐरणीवर ठेवायचा आणि लंबकाचा जड हातोडा सोडायचा. पोलाद मेलेलं असेल तर ‘खट्’ असा कोरडा आवाज येतो, तुकड्याचं तोंड चकाकतं आणि हातोडा काही झालंच नाही अशा थाटात पलीकडे उंच जातो. जिवंत पोलाद वाकतं, फाटतं, हातोड्याला धरून ठेवतं.

केंद्र चाळिशी ओलांडून पुढे गेलं तसे तुकडे संपले. मग मोडलेल्या तुकड्यांची अर्धुकं घ्यायची, दोन्ही बाजूंना नवे पोलादी शेपटे जोडायचे आणि तेच पुन्हा मोडायचे, असं सुरू झालं. मेलेल्याला पुन्हा मारण्याचा हा उद्योग शाल्मलीच्या यांत्रिक हातांना छान जमे. या शेवटच्या फेरीत आतापर्यंतचे सगळे तुकडे ‘खट्’ करून गेले होते. निकाल भिंतीवर लिहिल्यासारखा स्पष्ट होता. केंद्र बंद होणार.

आणि केंद्र बंद होणार म्हणून शाल्मलीच्या घरी आनंदीआनंद होता.

मोंडकर मूळचे शेवऱ्याचे, रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून लांबलचक जाळं ओढून मासळी धरणारे. केंद्र आलं तेव्हा बंदराला कुंपण पडलं आणि अख्खं गाव उचलून वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर नेऊन ठेवलं. पत्र्याच्या भिंतींची घरं, सारखे दरवाजे, समोर काळा कातळ. केंद्र कायमचं बंद होऊन आवार साफ झालं की बंदर गावाला परत, असा लेखी करार होता. शाल्मलीचा नवरा हेरंब सड्यावरच जन्मला. आयुष्यात एकदाही तो बंदरावर उभा राहिला नव्हता, पण तिथल्या प्रत्येक खडकाचं नाव त्याला पाठ होतं. शीतपेट्या दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं आणि पुनर्वसन समितीचा तो अध्यक्षही होता. त्याचे वडील, आबा, अजून दुपारच्या वेळी पडवीत रापणीचं जुनं जाळं पसरून त्याची भोकं सांधत बसत. सड्यावर घरापर्यंत समुद्राचा नुसता वास यायचा. शाल्मली कऱ्हाडची, तिला पोहता येत नव्हतं. पण या माणसांत येऊन तिलाही बंदराची स्वप्नं पडायला लागली होती.

एके दिवशी सकाळी चहा पिता पिता हेरंबने तिला विचारलं, “घराचा तोंड खय करूया गो? दर्याकडे, का माडांकडे?”

ती हसून कामावर गेली. काचेसमोर उभी राहिली, तुकड्याला शेपटे जोडायला घेतले आणि पिवळ्या उजेडात तिला ते घर दिसायला लागलं. दार समुद्राकडे. उंबऱ्याशी वाळू. जोडणीचं यंत्र विजेचे झटके देऊन पोलाद वितळवतं. वीज परत न्यायचा चिमटा जोडाच्या अगदी लगत लावायचा असतो, म्हणजे झटके मधल्या जुन्या पोलादात शिरत नाहीत. शाल्मलीने तो लावला पार दुसऱ्या टोकाला. अलीकडचं टोक पलीकडे दाखवणारा आरसा आत होता, काच किंचित सरकवून दाखवत होती आणि ती स्वतः उंबऱ्यावरची वाळू झाडत होती. असली चूक जगात फार तर पन्नास माणसांना करता येईल. झटक्यामागून झटका त्या म्हाताऱ्या पोलादातून आरपार गेला.

दुपारी हातोडा सुटला. आवाज आला ‘धप्प’. हातोडा पलीकडे जेमतेम वर चढला आणि तुकडा वाकून, फाटून, न तुटता ऐरणीत अडकून बसला.

प्रयोगशाळेचे प्रमुख लीलाधर सामंत चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघत राहिले. “हे नव्या पोलादासारखं वागलं, मोंडकर. काहीतरी घोटाळा झालाय.”

“हो सर.”

“जोडताना तापलं असेल. तापलं की पोलाद सुधारतं, माहितीच आहे. रद्द करा हा तुकडा.”

नियमाने ते बरोबर होतं. पण शाल्मलीने तापमानाची नोंद पाहिली. मधला भाग हाताला चटका बसेल इतकाच तापला होता. म्हातारं पोलाद सुधारायला लाल व्हायच्या जवळपास तापवावं लागतं, तेही कित्येक दिवस. यांचा हंडा तसा भाजून काढणं शक्य नाही, त्याचा पायाच ती उष्णता सोसणार नाही, असा निर्णय पूर्वीच झाला होता. मग हे कोमट राहूनच तरुण कसं झालं? तिने चित्रण मागे नेलं आणि चिमटा कुठे लागलाय ते तिला दिसलं. तोंडात मारल्यासारखं झालं तिला.

दुसऱ्या दिवशी तिने एक तुकडा मुद्दाम तसाच चुकीचा जोडला. तोही वाकला. मग तिने त्याचा पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गुठळ्या विरल्या होत्या. झटक्यांच्या त्या विशिष्ट तालाने तांब्याचे अणू हलले होते आणि एकमेकांना सोडून पुन्हा पांगले होते. चाळीस वर्षांचा मार पोलाद विसरून गेलं होतं. शाल्मली खुर्चीत मागे रेलली. तिला इतका निखळ आनंद झाला की क्षणभर ती खुदकन हसली. आणि मग त्या आनंदाचा अर्थ तिच्या ध्यानात आला. हंडा असा पुन्हा पुन्हा विसरू शकत असेल, तर केंद्र कधीच बंद व्हायचं कारण नव्हतं.

घरी येऊन तिने हेरंबला आतल्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो खाटेवर बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

“सायबांनीच रद्द कर म्हटल्यानी ना?” तो म्हणाला.

“हो. त्यांना चिमट्याचं माहीत नाही.”

“मगे तू कित्याक उकरून काढतंस? मी तुका खोटा बोल म्हणत नाय. फक्त गप रव.”

“अरे, या केंद्राच्या जिवावर अर्धा जिल्हा पाणी पितो. समुद्राचं पाणी गोडं होतं ते इथल्याच विजेवर. बंद झालं तर...”

“त्येची सोय सरकार करतला. आमची कोणी केल्यान?”

तिने दार लोटून घेतलं. ती हळू आवाजात म्हणाली, “बंद झाल्यावरही लगेच नाही मिळणार बंदर. इंधन हलवायचं, हंडा कापून न्यायचा, आवार साफ करायचं. तीस वर्षं सहज जातील.”

“माका ठाऊक असा. करार मी वाचलंय. तीस तर तीस. म्हातारो होऊन जायन, पण जायन.”

“आणि आबा?”

हेरंबने दाराकडे पाहिलं. बाहेर पडवीत आबांची सुई जाळ्यातून सळसळत होती. मग तो उठला आणि तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, “माझ्यासाठी इतक्या कर गो.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने कधी काही मागितलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? शाल्मली गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं त्याने होकार म्हणून घेतलं.

पुढचे काही दिवस फार गोड गेले, हीच पंचाईत. हेरंब संध्याकाळी दुकान लवकर बंद करून यायचा. दोघं सड्याच्या कडेला जाऊन बसायची. खाली कुंपणापलीकडे बंदर धुरकट निळं दिसायचं, इतकं शांत की कुणी नुसतं मनात आणलंय आणि अजून पुरतं केलेलं नाही असं वाटावं. हेरंब बोलता बोलता घर बांधायचा. माड लावायचा. मधेच एखादी होडी पाण्यात सोडायचा. शाल्मली त्याच्या खांद्यावर डोकं टेकून सगळं बघायची आणि त्या स्वप्नात तिला आबा कुठेच दिसायचे नाहीत. कामावर काचेसमोर उभी राहिली की स्वप्नं आता येतच नव्हती. हात मात्र बिनचूक चालत होते.

एके दुपारी हेरंब घरी नसताना ती पडवीत आबांसमोर जाऊन बसली. त्यांनी जाळ्याचं एक टोक तिच्या मांडीवर टाकलं आणि ताणून धर अशी खूण केली.

“आबा, रापण ओढल्यावर वाटे पाडायच्या आधी कुणी मासळी लपवली तर काय करायचे हो?”

आबांनी मान वर केली नाही. “माझ्या बापसान लपवल्यान एकदा. सुरमय. वाळूत पुरल्यान. घरात खाणारी तोंडा खूप होती गो बाय.”

“मग? पकडलं?”

“सगळ्यांनी बघल्यानी. कोण बोलाक नाय. वाटो पण दिल्यानी तेका.” त्यांनी गाठ मारून धागा दाताने तोडला. “पण रापण ओढताना सगळी एका दमात ओढतत. त्या दिसापासून माझ्या बापसाचो दम कोणाशी जुळाक नाय. तो ओढी, तेव्हा बाकीचे थांबत. बाकीचे ओढीत, तेव्हा तो. मरापर्यंत.”

शाल्मलीने जाळं ताणून धरलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि समोरची भोकं दिसेनाशी झाली. आबा सांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सामंतांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “सर, तो तुकडा रद्द करू नका. चिमटा मी चुकीचा लावला होता. दुसऱ्यांदा मुद्दाम लावला.”

सामंतांनी आधी तिला झाडलं. कोठीत काम करणाऱ्या माणसाने स्वप्नात असून चालत नाही, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मग पापुद्र्याची चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. शेवटी म्हणाले, “मोंडकर, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?”

“कळतंय सर,” ती म्हणाली. “म्हणूनच उशीर झाला.”

त्या संध्याकाळी तिने हेरंबला सांगितलं. तो ओरडला नाही, भांडला नाही. सड्याच्या कडेला जायचं मात्र त्याने सोडलं, आणि तिच्याशी बोलणंही. मीठ वाढ, दार लाव, एवढंच काय ते. महिने उलटले. तुकड्यांवरून पत्र्यांवर, पत्र्यांवरून बाद झालेल्या एका जुन्या पात्रावर चाचण्या झाल्या. सगळीकडे पोलाद विसरलं. हंड्यातलं इंधन काढून, आतून विजेची कडी बसवून, तीन आठवडे त्याला झटके द्यायचे असं ठरलं. कामगारांनी त्याला लगेच नाव दिलं, हंड्याची झोप. एकदा झोपून उठला की पंधरा वर्षं बघायला नको.

ते जिथे ठरलं त्या बैठकीत शाल्मलीला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. शेवटी कुणीतरी औपचारिकपणे विचारलं, ही कल्पना ज्यांची, त्यांना काही सांगायचं आहे का? ती उठली.

“झोपेच्या काळात भट्टीत इंधन नसेल. पाणी खेचणारे पंप बंद असतील. मग बंदराचं कुंपण कशासाठी? तेवढे दिवस ते शेवऱ्याच्या लोकांना उघडून द्या. दर झोपेला. करारात लिहून द्या.”

खूप खल झाला. पहारा कोण देणार, जबाबदारी कुणाची, असे शंभर प्रश्न निघाले. पण ज्या बाईच्या चुकीवर अख्खं केंद्र तरलं तिला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. सामंतांनी स्वतः मसुदा लिहिला. मंजुरीचं पत्र पुनर्वसन समितीच्या अध्यक्षाच्या, म्हणजे हेरंबच्या नावे सड्यावर गेलं, आणि तिथे सगळ्यांनी धरून चाललं की हे हेरंबनेच करून आणलं. हेरंबनेही ते खोडलं नाही.

हंडा झोपला त्या दिवशी सड्यावर सगळे घराबाहेर येऊन उभे राहिले. जन्मापासून कानात बसलेली खालची घरघर थांबली होती. तिच्या जागी लाटांचा आवाज यायला लागला. तान्ह्या पोरांपासून चाळिशीच्या बाप्यांपर्यंत कुणीच तो इथून ऐकला नव्हता. बायका एकमेकींना हात लावून विचारत होत्या, आयकतंस? आबा काठी न घेताच उताराला लागले.

बंदरावर सकाळचं धुकं होतं. वाळू कोवळी, पायाखाली आतबाहेर होणारी. म्हातारी माणसं कुणाशी न बोलता पाण्याच्या कडेने चालत होती, मधेच वाकून वाळूला हात लावत होती. खडक होते तिथेच होते. हेरंब एकेका खडकाजवळ जाऊन त्याचं नाव घेत होता, आणि नाव आणि खडक जुळले की नुसता उभा राहत होता. शाल्मली लांबून त्याच्याकडे बघत होती. या माणसाचं हे सगळं आपण पंधरा वर्षांतल्या तीन आठवड्यांवर आणून ठेवलं, असं तिला वाटलं.

होडीतून जाळं समुद्रात फिरवून आणलं. दोन दोऱ्या किनाऱ्यावर आल्या आणि दोन्हीकडे माणसं लागली. शाल्मलीनेही एका दोरीला हात घातला. “होऽऽ हय्या” असा आबांचा आवाज उठला आणि चाळीस वर्षांपूर्वीचे दम आणि कधीच न ओढलेले दम एकमेकांना शोधायला लागले. पहिल्यांदा नुसती ओढाताण. मग हळूहळू सगळी रांग एकदम मागे झुकायला लागली, एकदम थांबायला लागली. हेरंब तिच्या पुढेच होता. त्याची पाठ हलली की तिचीही हलत होती.

जाळ्यात फार काही आलं नाही. पेडवे, थोडे बांगडे आणि ढीगभर शेवाळ. तरी किनाऱ्यावर आरडाओरडा असा झाला की सोनं सापडलंय. आबांनी वाळूत वाटे मांडायला घेतले. गावातला एक म्हातारा हेरंबच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “शाबास रे पोरा! तुझ्यामुळे ह्यो दिस बघूक गावलो.” चारजणांनी मान डोलावली. आबांनी वाटे मांडता मांडता मुलाकडे पाहिलं.

हेरंबच्या हातातली दोरी वाळूत पडली.

“माझ्यामुळे नाय,” तो म्हणाला. “ह्या शाल्मलीन मागून घेतल्यान. मी तर हिका गप रव म्हटललंय. हिना माझा आयकला असता, तर ह्या बंदर माका गावला असता. कधीतरी. तुमका नाय, आबा. आणि ता माका तेव्हापण ठाऊक होता.”

आबांनी हातातले पेडवे शेवटच्या वाट्यावर ठेवले आणि हात पाण्यात बुचकळून धुतले.

“पत्र्याच्यो भिंती,” ते म्हणाले. “तुमी आत बोललात, ता सगळा पडवीत आयकलंय मी.”

“मगे इतके म्हयने काय बोलाक नाय तुमी?”

“तू बोलतलंस म्हणान थांबललंय.”

हेरंब वाळूत मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. शाल्मली त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोरीने तिचे तळवे सोलून निघाले होते. त्याने ते उलटेपालटे करून पाहिले आणि आपल्या ओंजळीत धरून ठेवले. कितीतरी महिन्यांनी त्याने तिच्याकडे बघितलं.

“परत कधी निजतलो तुझो हंडो?” आबांनी विचारलं.

“पंधरा वर्षांनी, आबा.”

आबांनी समुद्राकडे पाहून मनाशी हिशेब केला आणि मोठ्याने हसले. “तेव्हा मी नसतलंय. ऊठ रे हेरंबा. म्होरली रापण तुकाच घालूची असा, आणि तुका साधी दोरी गुंडाळूक येत नाय.”

हेरंब डोळे पुसून उठला आणि त्याने दोरी गुंडाळायला घेतली. उलटीच गुंडाळली. आबांनी ती सगळी सोडवली, आणि मुलाचे हात हातात धरून त्याला पहिल्या वेढ्यापासून शिकवायला सुरुवात केली.